कॅसेट, सीडी आणि पडद्यावरची कला: वाचकांचे प्रश्न

व्हिडिओ, आवाज आणि संगणक यांतून घडलेल्या कलाकृती संग्रहात कशा जपायच्या, कशा नोंदवायच्या, याबद्दल कोल्हापूर परिसरातून आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

आमच्या छोट्या कलासंग्रहात २००३ ते २००८ मधल्या व्हिडिओ कलाकृतींच्या १४ मिनी-डीव्ही कॅसेट आहेत. कॅमेरा अजून चालतो. स्टुडिओवाले एमपी४ करून पेनड्राइव्हवर देतो म्हणतात. तेवढं पुरेल का? (राजारामपुरी)

पुरणार नाही. मिनी-डीव्हीवर चित्र मुळातच डिजिटल असतं. ते जसंच्या तसं उतरवून घेता येतं आणि संग्रहाला तेच हवं. एमपी४ करताना चित्र पुन्हा दाबलं जातं, टाइमकोड (प्रत्येक चित्राचा वेळेनुसार क्रमांक) आणि चित्रीकरणाची तारीख-वेळ गळून पडते. एमपी४ लोकांना दाखवायला जरूर ठेवा, पण मूळ प्रत म्हणून नको. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीने उतरवणं तर त्याहून वाईट, कारण त्यात डिजिटलचं अ‍ॅनालॉग आणि पुन्हा डिजिटल होतं.

कॅमेऱ्यावर ‘डीव्ही’ किंवा ‘आय-लिंक’ लिहिलेलं चार पिनांचं पोर्ट असतं, ते फायरवायर, म्हणजे डिजिटल चित्र जसंच्या तसं संगणकात नेणारी जोडणी. त्याच कॅमेऱ्याचं यूएसबी बहुतेक वेळा फक्त फोटोंसाठी असतं. डेस्कटॉपमध्ये फायरवायर कार्ड बसवून घ्या आणि वायर जोडताना दोन्ही यंत्रं बंद ठेवा. कार्डाकडच्या सहा पिनांच्या टोकातून वीज येते. ते उलटं घुसलं तर कॅमेऱ्याचं पोर्ट जळतं. उतरवून घ्यायला लिनक्सवरचं डीव्हीग्रॅब हे सॉफ्टवेअर चांगलं आहे. एका तासाला साधारण १३ जीबी लागतात, म्हणजे तासाच्या १४ कॅसेटना १८० जीबीच्या आसपास.

सुरुवात करण्याआधी प्रत्येक कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन पुन्हा मागे आणा, म्हणजे वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या फितीचा ताण सारखा होतो. पावसाळ्यात हे काम काढू नका. दमट हवेत कॅमेऱ्यावर दवाची खूण उमटते आणि तो फीत ओढायला नकार देतो. त्या वेळी जबरदस्ती केली तर फीत ज्याच्याभोवती फिरते त्या ओलसर ड्रमला ती चिकटून चुरगळते. चित्रावर एकाआड एक आडवे पट्टे चौकोनाचौकोनांनी फुटलेले दिसले, तर फीत वाचणाऱ्या दोन हेडपैकी एक मळलेलं आहे. कोरडी क्लीनिंग कॅसेट दहा सेकंद चालवा, पुन्हा बघा; ती जास्त चालवली तर हेड झिजतं. एलपी (फीत हळू चालवून जास्त वेळ भरण्याच्या) वेगात भरलेल्या कॅसेट शक्यतो ज्या कॅमेऱ्यावर भरल्या त्याच कॅमेऱ्यावर लावा, दुसऱ्यावर त्या अनेकदा नीट वाचल्या जात नाहीत.

संगणकावर बघताना हलत्या वस्तूंच्या कडा कंगव्यासारख्या दातेरी दिसतील. ते इंटरलेसिंग आहे, म्हणजे एकाआड एक ओळींची दोन अर्धचित्रं मिळून एक चित्र; बिघाड नव्हे. मूळ फाइलमध्ये ते काढून टाकू नका. एका सेकंदाची ५० अर्धचित्रं त्यातच आहेत.

फाइल हातात आली की लगेच तिचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलवरून काढलेला ओळख-आकडा) काढून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये शेजारी ठेवा. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी हा आकडा बदलतो. दर सहा महिन्यांनी जुळवून बघा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक कोल्हापूरबाहेर. कॅसेट मात्र फेकू नका. तिच्यावरची चिठ्ठी, कलाकाराच्या हातचं लिखाण, डबीतला कागद यांचे फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका.

दुसरी प्रत पेनड्राइव्हवर ठेवली तर? (ताराबाई पार्क)

पेनड्राइव्ह आणि एसएसडी दोन्ही विद्युतभारावर माहिती धरून ठेवतात. वीज न मिळता कपाटात पडून राहिले तर तो भार हळूहळू गळतो, आणि उकाड्यात लवकर गळतो. ने-आण करायला पेनड्राइव्ह ठीक. साठवायला दोन वेगळ्या कंपन्यांच्या साध्या हार्ड डिस्क घ्या, एकाच दिवशी एकाच दुकानातून जोडी घेऊ नका, एकाच घाण्यातल्या डिस्क एकदमच जाण्याची शक्यता राहते. पैसा असेल तर एलटीओ टेप (संगणकाच्या फाइली साठवायची चुंबकीय फीत), पण तिचा ड्राइव्ह लाखाच्या घरात जातो, म्हणून दोन-तीन संस्थांनी मिळून घ्यावा.

आमच्याकडे २००१ सालची एक संवादी कलाकृती सीडीवर आहे. मराठी कवितेच्या ओळींवर क्लिक केलं की चित्र बदलतं. नव्या संगणकावर ओळींच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. काही करता येईल? (इचलकरंजी)

येईल, पण क्रम चुकवू नका. आधी सीडीची पूर्ण प्रतिमा, म्हणजे सबंध सीडीची जशीच्या तशी एका फाइलीतली नक्कल, काढा. नुसत्या फाइली ओढून घेऊ नका. सीडीवर गाण्यांचे ट्रॅकही असतील तर प्रतिमेचं आयएसओ हे नेहमीचं स्वरूप पुरत नाही, बिन आणि क्यू अशी फाइलींची जोडी काढावी लागते. नाहीतर कलाकृती चालेल आणि मुकी राहील. ओरखडे असतील तर डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर वापरा. ते आधी सहज वाचता येणारा भाग घेतं आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळतं. सीडी पुसायची तर मऊ कापडाने मधून कडेकडे, गोल गोल कधीच नाही.

आता अक्षरांकडे वळू. युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, शिवाजी असे फॉन्ट वापरात होते. त्यांत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेलाच नसायचा. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी आकार बसवलेला असायचा, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. फॉन्ट गेला की खालचं इंग्रजी अक्षर उघडं पडतं. म्हणून कलाकाराचा जुना संगणक अजून कुठे माळ्यावर असेल तर तो भंगारात जाण्याआधी विंडोजच्या फोल्डरमधलं संपूर्ण फॉन्ट्स फोल्डर उचला. काही मराठी सॉफ्टवेअरना डाँगल, म्हणजे संगणकाला जोडायची परवाना-किल्ली, लागायचा. तो सापडला तर तोही संग्रहाचाच भाग समजून नोंदवा.

मग व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) विंडोज ९८ किंवा एक्सपी उभं करा, फॉन्ट घाला आणि पडदा त्या काळच्या ८०० बाय ६०० वर ठेवा. कलाकृती फ्लॅश या हलत्या चित्रांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर तिच्यातला स्थिर मजकूर बहुधा आकारांसह आतच बांधलेला असतो, तो नीट दिसतो. क्लिकनंतर बदलणारा मजकूर मात्र फॉन्ट आत बांधला नसेल तर यंत्रावरच्या फॉन्टवर अवलंबून असतो. तुमच्याकडे काही ओळी ठीक आणि काही बिघडलेल्या असतील तर कारण हेच. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने फ्लॅश प्लेअर बंद केला, पण सीडीवर ‘ईएक्सई’ स्वरूपातला प्रोजेक्टर (स्वतःहून चालणारी फाइल) असेल तर प्लेअर त्याच्याच पोटात असतो, त्याला ब्राउझर लागत नाही. नुसती ‘एसडब्ल्यूएफ’ ही फ्लॅशची फाइल असेल तर रफल हे इम्युलेटर बघा.

सगळ्या ओळी युनिकोडमध्ये वेगळ्या टाइप करून ठेवा. कन्व्हर्टरवर विसंबू नका, रफार आणि अर्धी अक्षरं तिथेच चुकतात. पण हा मजकूर मूळ कलाकृतीत घुसवायचा नाही. त्या अक्षराची जाडी आणि वळण ही कलाकाराची निवड होती.

पुराच्या पाण्यात भिजलेल्या कॅसेट आणि हार्ड डिस्क वाचतात का? (शाहूपुरी)

पुष्कळदा वाचतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर हा प्रश्न इथे नेहमीचा झाला आहे. नुकसान पाण्यापेक्षा वाळलेल्या गाळाने जास्त होतं, म्हणून गाळात भिजलेली कॅसेट धुण्याआधी सुकू देऊ नका. कव्हरचे स्क्रू उघडून चकत्या डिस्टिल्ड पाण्यात हलक्या हाताने धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत बदला आणि पंख्याच्या मंद वाऱ्यावर, सावलीत वाळवा. हेअर ड्रायर, ऊन आणि फ्रीजर तिन्ही वर्ज्य. नंतर दुसऱ्या सुक्या कव्हरात बसवून एकदाच चालवायची, तीही उतरवून घेतानाच.

हार्ड डिस्क भिजली तर वीज देऊन ‘चालते का बघू’ हा मोह आवरा. सुकवूही नका, उघडूही नका. ओलसर असतानाच बंद पिशवीत घालून डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवा. तबकडीवर गाळ वाळला की पुढचं काम अवघड होतं.

उरलेल्या सुक्या कॅसेट हवाबंद डब्यात, उभ्या, पाच लिटरच्या डब्याला १०० ग्रॅम सिलिका जेल घालून ठेवा. नारिंगी जेल घ्या. निळ्या रंगात कोबाल्ट असतं. नारिंगी जेल हिरवं पडलं की ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. डब्यात छोटं आर्द्रतामापक ठेवा, काटा ३० ते ४० टक्क्यांत राहू द्या. आणि कपाट तळमजल्यावर नको.

जुन्या डबड्या टीव्हीवर चालणारी एक व्हिडिओ मांडणी आहे. टीव्ही गेला तर सपाट टीव्ही लावला तर चालेल का? (रंकाळा)

हे तुम्ही ठरवायचं नाही, कलाकाराला विचारून लिहून घ्यायचं, आणि ते हयात असताना. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज बघायला मिळत नाहीत; त्यांच्याबद्दल विचारायला आता कोणीच नाही. विचारताना ‘टीव्ही महत्त्वाचा आहे का’ असं मोघम विचारू नका. काचेचा फुगीरपणा, चार-तीनची चौकट, बंद करताना मध्ये मिटणारा ठिपका, यातलं काय गेलं तर हे काम तुमचं राहणार नाही, असं एकेक करून विचारा. टीव्ही निव्वळ हाताशी होता म्हणून लावला असेल तर कलाकार स्वतःच बदलायला सांगतील.

मग मांडणी उभी असतानाच मोजा: भिंतीपासूनचं अंतर, पडद्याच्या मध्याची जमिनीपासून उंची, खोलीतला उजेड, प्रेक्षक उभा राहतो तिथला आवाज डेसिबलमध्ये, चित्रफीत पुन्हा सुरू होताना मध्ये किती सेकंद काळं राहतं. शेवटचं बहुतेक जण विसरतात. नवा मीडिया प्लेअर त्या क्षणी ‘नो सिग्नल’ची निळी पाटी दाखवतो आणि शांततेची जागा नासते. यंत्रं चालू-बंद करायचा क्रम लिहा, आणि सबंध खोलीचं सलग चित्रीकरण करा, आवाजासकट.

कायदाही लक्षात असू द्या. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ नुसार कलाकृतीच्या विद्रूपीकरणाला कलाकार हरकत घेऊ शकतो. विज्ञान भवनातल्या भित्तिशिल्पाच्या खटल्यात २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पकार अमरनाथ सहगल यांना त्यांच्या कामाचे अवशेष आणि पाच लाखांची भरपाई दिली. म्हणून प्रत काढणं, दुसऱ्या माध्यमात नेणं, पडदा बदलणं, या तिन्हींची परवानगी खरेदीच्या किंवा देणगीच्या कागदावरच लिहून घ्या.

तोवर टीव्ही दोन-तीन महिन्यांतून एकदा अर्धा तास चालवा, म्हणजे आतले कपॅसिटर टिकतात. रिमोटमधले सेल काढून ठेवा. मागचं झाकण स्वतः उघडू नका. वीज काढल्यावरही नळीत हजारो व्होल्टचा भार राहतो. सुट्या भागांसाठी त्याच मॉडेलचा एखादा जुना टीव्ही मिळाला तर आत्ताच घेऊन ठेवा, आणि तो आणताना नळीच्या मानेला धक्का लागू देऊ नका.