जमीन राखण्याचे काम हाती घेणाऱ्या तरुण सहकाऱ्यास

प्रिय सहकाऱ्यास, अनेक आशीर्वाद.

संस्थेने जमीन-संरक्षणाच्या प्रकल्पांची जबाबदारी तुझ्यावर सोपवल्याचे कळले आणि मनापासून आनंद झाला. लवकरच तुझ्यासमोर एकाच वेळी अनेक जमिनी येतील, त्यांचे मालक वेगळे, अडचणी वेगळ्या, आणि प्रत्येकाला आपले काम आधी व्हावेसे वाटत असेल. त्या धावपळीत एक प्रश्न मात्र स्वतःला सतत विचारत राहा: आज आपण ज्यांच्याशी बोलत आहोत ती माणसे या जमिनीवर नसतील, आणि आपणही या संस्थेत नसू, तेव्हा हे संरक्षण टिकेल का?

खासगी जमीन लोकांसाठी कायमची राखण्याच्या हेतूने भूदृश्य-रचनाकार चार्ल्स एलियट यांच्या प्रयत्नांतून १८९१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये एक विश्वस्त संस्था उभी राहिली. जमीन आपल्या मालकीत घेणे हा तिचा मुख्य मार्ग होता. आज त्याच्या जोडीला संवर्धन-कराराचा मार्ग आहे, ज्यात जमीन मालकाचीच राहते, पण बांधकाम करणे, तुकडे पाडून विकणे किंवा जंगल तोडणे यांसारखे काही हक्क तो कायमचे सोडतो आणि ते बंधन पुढच्या प्रत्येक मालकावर लागू होते. न्यूझीलंडने १९७७ मध्ये आणि चिलीने २०१६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदे केले. करार स्वस्त पडतो म्हणून सगळीकडे तोच करावा, हे मला पटत नाही. मालकाच्या आजच्या वापरामुळेच जिथे कुरण किंवा पाणथळ जागा टिकून आहे, तिथे करार उत्तम. पण परकीय झुडपे काढणे, वणव्याची व्यवस्था पाहणे, अडवलेले पाणी पुन्हा वाहते करणे अशी कामे वर्षानुवर्षे करावी लागणार असतील, तर जमीन विकत घेण्याचाच आग्रह धर, कारण करार मालकाला काही गोष्टी करण्यापासून रोखू शकतो, पण त्याच्याकडून मनापासून काम करून घेऊ शकत नाही.

जमिनीवर पहिल्यांदा जाशील तेव्हा पक्षी आणि झाडे पाहून मन भारावेल, आणि ते भारावायलाच हवे. मात्र परत आल्यावर वकिलाकडून मालकीचा सर्च रिपोर्ट येईपर्यंत कोणालाही शब्द देऊ नकोस. वारसांपैकी कोणाची सही राहिली आहे का, जमिनीवर बोजा आहे का, शेजाऱ्याची वाट किंवा पाण्याचा हक्क तिच्यातून जातो का, आणि आपल्याला तिथे पोहोचायला कायदेशीर रस्ता आहे का, हे सारे आधी कळले पाहिजे. अमेरिकेसारख्या देशात जमिनीखालच्या खनिजांचा हक्क पृष्ठभागाच्या मालकीपासून वेगळा होऊन भलत्याच कोणाकडे असू शकतो. वरचे जंगल आपण राखले तरी खालच्या हक्काचा धनी उद्या खोदायला येऊ शकतो. कर्जाचेही तसेच आहे. बँकेकडे गहाण असलेल्या जमिनीवर करार केला आणि बँकेने आपला हक्क त्या करारानंतरचा असल्याचे लिहून दिले नाही, तर कर्ज थकल्यावर होणाऱ्या लिलावात करारच पुसला जाण्याचा धोका असतो. म्हणूनच मालकाने करारात सोडलेले हक्क देणगी मानून त्यावर करसवलत मिळण्यासाठी अमेरिकेच्या करनियमांत बँकेच्या त्या लेखी संमतीची अट आहे. ही संमती मिळवायला वेळ लागतो, तेव्हा अगदी सुरुवातीलाच ती मागायला हवी.

कागद किती नेमका असावा लागतो, याचे एक उदाहरण तुझ्या उपयोगी पडेल. न्यूझीलंडमध्ये एका संरक्षित जमिनीच्या नंतरच्या खरेदीदाराने मूळ कराराच्या वैधतेलाच आव्हान दिले, आणि वाद अखेर २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. करार टिकला, पण नेमके कोणते क्षेत्र त्यात यायचे होते आणि दस्तऐवज कसा तयार झाला, यावर वर्षांनंतर कीस काढला गेला. सही करणारा मालक बहुधा जमिनीवरच्या प्रेमापोटीच सही करतो, त्यामुळे त्याच्याशी भांडण क्वचित होते. भांडण होते ते जमीन पुढे घेणाऱ्याशी, ज्याने हे वचन कधी दिलेलेच नसते. म्हणून करारातील प्रत्येक वाक्य त्याच्या वकिलाच्या नजरेने वाच. ‘शक्यतो’, ‘वाजवी प्रमाणात’ असे शब्द दिसले की थांब आणि त्यांच्या जागी मोजता येईल असे काहीतरी लिहून घे.

पैशाबद्दल मी थोडक्यात सांगतो, पण ठामपणे. खरेदीची रक्कम जमली म्हणजे प्रकल्पाचा निधी जमला, असे समजू नकोस. दरवर्षीची पाहणी, हद्दीची दुरुस्ती आणि कधीतरी उभा राहणारा दावा यांसाठी वेगळा देखभाल निधी पहिल्याच अंदाजपत्रकात धर. देणगीदारांना खरेदी दिसते, देखभाल दिसत नाही, त्यामुळे नंतर हा पैसा मागायला गेलीस वा गेलास, तर तो मिळणे फार कठीण जाते. न्यायालयीन खर्चाचे ओझे एकट्या संस्थेला झेपत नाही, हे ओळखून अमेरिकेतील भूमी-विश्वस्त संस्थांनी २०१३ मध्ये एकत्रितपणे स्वतःची विमा योजना सुरू केली, यावरून त्या खर्चाचे स्वरूप तुझ्या ध्यानात येईल.

मालकाशी बोलताना घाई करू नकोस. पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या जमिनीवरचा हक्क सोडणे ही घरातल्या सगळ्यांची गोष्ट असते, म्हणून मुलांना आणि भावंडांना बैठकीला बोलाव, जरी त्यामुळे काम काही महिने लांबले तरी. आपले वकील व मूल्यांकन करणारे संस्थेसाठी काम करतात, मालकाने स्वतःचे सल्लागार घ्यावेत, हे स्पष्टपणे आणि लेखी सांग. सगळे ऐकून तो नाही म्हणाला, तर तो नकार आदराने घे.

शेवटची गोष्ट मूळ स्थितीच्या अहवालाची. सहीच्या आधी जमीन जशी आहे तशी नोंदलेली असली पाहिजे: हद्दीचे दगड, कुंपणे, बांधकामे, पायवाटा, ओढ्यांचे काठ, झाडोरा, आणि प्रत्येक छायाचित्रासोबत जागा, दिशा व तारीख. त्यावर मालकाची आणि संस्थेची सही घे, एक प्रत वेगळ्या इमारतीत ठेव. पहिल्या वर्षीच्या पाहणीला जाताना हाच अहवाल हातात घेऊन त्याच ठिकाणी उभे राहून तीच छायाचित्रे पुन्हा काढ, आणि शक्य असेल तेव्हा मालकाला सोबत ने. जमीन विकली गेल्याचे कळताच नव्या मालकाला महिन्याभरात जाऊन भेट, कारण कराराची माहिती त्याला पहिल्यांदा नोटिशीतून मिळाली, तर पुढचा सगळा संवाद वकिलांमार्फत होऊ लागतो. पहिल्या अहवालाचा कच्चा मसुदा तयार झाला की मला पाठव. हद्दीच्या वर्णनाचा भाग आपण दोघे मिळून ओळीओळीने तपासू.

तुझा हितचिंतक