मॉरिशसला मराठी माणसं कशी काय?

प्रश्न : काका, आमच्या कोरेगावातला एकजण मॉरिशसला फिरून आला, म्हणतो तिकडं गणपतीची सरकारी सुट्टी असते. खरं का? आपली माणसं तिथं गेली कशी? – एक वाचक, जि. सातारा

उत्तर : अगदी खरंय. आता माणसं गेली कशी ते सांगतो. मॉरिशस हे हिंदी महासागरातलं बेट. तिथं आधी डच आले, 1638 ला वस्ती केली, जावाहून ऊस आणून लावला आणि 1710 ला निघून गेले. मग फ्रेंच, त्यांनी आफ्रिका, मादागास्करहून गुलाम आणून बेट उभं केलं. 1810 ला इंग्रजांनी जिंकलं. 1835 ला गुलामगिरी बंद झाली, पण ऊस तर तोडायला हवाच, मग मळेवाल्यांनी भारतातून करारावर मजूर न्यायला सुरुवात केली, बिहारकडचे कलकत्त्याहून, आपले रत्नागिरी-साताऱ्याकडचे मुंबईहून. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये आणि एक खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायचे! ऊसतोड टोळ्यांची उचल बघितलेल्या आपल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. मला तर वाचून संतापच येतो. तिथली राजधानी पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर, म्हणजे हे मजूर उतरायचे त्या धक्क्यावर, बोटीतून उतरून चढायच्या 16 दगडी पायऱ्या अजून आहेत, 2006 पासून ती जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पुष्कळजण परत आलेच नाहीत, तिथंच घरं केली, देवळं बांधली, 12 मार्च 1968 ला देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यांचे नातू-पणतू तिथले नागरिक झाले. मॉरिशसमधल्या कॅस्कावेल गावी जायला मिळालं तर विठ्ठल-रखुमाईचं देऊळ जरूर बघा.