प्रसिद्ध धबधब्याचे फोटो सपाट येतात, कॅमेरा बदलू का?

तुम्ही लिहिलंय की एका नावाजलेल्या धबधब्यावर दोनदा जाऊन आलात. दोन्ही वेळा सकाळी अकराच्या सुमारास पोचलात आणि सगळे जिथे उभे राहतात त्या कठड्यापासूनच फोटो काढले. घरी येऊन पाहिलं तर पाणी पांढरंफटक, झाडी काळपट, आणि समोर उभं असताना छाती दडपवणारा कडा फोटोत अगदीच बुटका. म्हणून आता नवा कॅमेरा घ्यावा का?

नका घेऊ. निदान तिसऱ्यांदा जाऊन येईपर्यंत तरी नकोच. तुमची अडचण कॅमेऱ्यात नाही, अकरा वाजण्यात आहे.

त्या वेळी ऊन जवळजवळ डोक्यावर आलेलं असतं. फेसाळतं पाणी आणि त्यामागचा ओला काळा खडक यांच्या उजेडातला फरक इतका असतो की कॅमेरा एकाला सांभाळायला गेला की दुसरं हातचं जातं. त्यामुळे जाण्याआधी नकाशा उघडून एकच गोष्ट बघा: कड्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे? पूर्वेला असेल तर पहाट गाठा, पश्चिमेला असेल तर दुपार कलल्यावर जा. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेला कडा वर्षातला बराच काळ सावलीत असतो, आणि धबधब्यासाठी ती सावली चांगलीच.

अमेरिकन निसर्ग-छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सचं उदाहरण मला यासाठी फार आवडतं. अमेरिकेतल्या योसेमिटी दरीतला हाफ डोम हा सुळका तेव्हाही प्रसिद्धच होता. 10 एप्रिल 1927 रोजी, वयाच्या 25व्या वर्षी, हा माणूस जड कॅमेरा पाठीवर घेऊन बर्फातून चढत सुळक्याच्या बाजूच्या एका कड्यावर पोचला आणि सुळक्याच्या उभ्या भिंतीवर ऊन सरकेपर्यंत थांबला. फोटो उमटवायच्या काचेच्या दोनच प्लेटा उरल्या होत्या. एक त्याने पिवळा फिल्टर लावून वापरली. मग त्याला वाटलं, यात आकाश फिकं येईल, मनात आहे तसं नाही. शेवटच्या प्लेटेला गडद लाल फिल्टर लावला. कृष्णधवल फोटोत आकाश जवळजवळ काळं झालं आणि भिंत उजळून पुढे आली. जागा निवडली, उन्हाची वाट पाहिली आणि बटण दाबण्याआधी फोटो कसा हवा ते ठरवलं. हे फोनवरही जमतं.

ढगाळ दिवस मिळाला तर हळहळू नका. धबधबा आणि जंगल यांच्यासाठी मला तोच उजेड सर्वांत प्रिय आहे: पाण्यातले पोत दिसतात, ओली पानं खरी हिरवी येतात. फक्त तेव्हा आकाश चौकटीत घेऊ नका. वरची ती पांढरी पट्टी नजर खेचून घेते.

आता बुटक्या कड्याबद्दल. लांब उभं राहून वाइड लेन्स लावली, किंवा फोनवर 0.5 दाबलं, की कडा लहानच होणार. वाइड तेव्हाच वापरा जेव्हा पायाशी दाखवण्यासारखं काही असेल, एखादा ओला दगड किंवा वळत जाणारा ओढा. नाहीतर झूम करा आणि अख्खा धबधबा घेण्याचा मोह सोडा. पाणी दगडावर आपटून फुटतं तेवढाच तुकडा घ्या. कठड्यावरच्या गर्दीचाही उपयोग आहे: लांबून टिपलेली एक चिमुकली आकृती कोपऱ्यात असली की कड्याची उंची आपोआप कळते. मात्र वेगळा कोन हवा म्हणून कठडा ओलांडू नका. तुषारांनी भिजलेला, शेवाळलेला खडक पाय ठेवेपर्यंत कोरडाच वाटतो. वेगळी जागा पायवाटेवरच शोधा. मुख्य कठड्याच्या शंभर पावलं आधी थांबलं तरी पुष्कळदा मधली झाडं आणि मागचा कडा छान जुळून येतात.

पाणी रेशमासारखं हवं असेल तर शटर पाव सेकंद ते एक सेकंद उघडं ठेवा आणि ट्रायपॉड लावा. इथे मी एकदा अख्खी पहाट घालवली आहे. ट्रायपॉड लाकडी मचाणावर लावला होता, आणि शेजारून माणसं चालली की फळ्या हलत होत्या. छोट्या पडद्यावर सगळं ठीक दिसलं, घरी मोठं करून पाहिलं तर एकही फोटो धड नव्हता. तेव्हापासून पाय जमिनीवर किंवा दगडावरच रोवतो, आणि मचाणाशिवाय इलाज नसेल तर माणसं थांबेपर्यंत बटणाला हात लावत नाही. शटर लांबवण्यासाठी लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) एफ 22पर्यंत बारीक करू नका, चित्र मऊ, पुसट पडतं. एफ 8 ते 11वर राहा आणि उरलेला उजेड एनडी फिल्टरने, म्हणजे लेन्सवर लावायच्या गडद काचेने, अडवा. लेन्स पुसायला दोन कोरडी फडकी न्या. पहिलं पाच मिनिटांत ओलं होतं.

एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावून फिरवता येणारा फिल्टर, घ्या. ओल्या दगडांवरची आणि पानांवरची चकाकी तो काढतो आणि खालचे रंग वर येतात. ही चकाकी नंतर संगणकावर नीट काढता येत नाही.

पण इंद्रधनुष्य दिसलं तर जपून. ते सूर्याकडे पाठ केल्यावर, आपल्या डोक्याच्या सावलीपासून साधारण 42 अंशांवर तुषारांत उमटतं, म्हणून सूर्य खाली असताना ते उंच चढतं. त्याचा उजेड मुळातच ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा असतो, त्यामुळे पोलरायझर एका बाजूला फिरवला की धनुष्य झळकतं आणि पाव फेरी पुढे नेला की डोळ्यांदेखत पुसलं जातं. फिल्टर हळूहळू फिरवा आणि रंग सर्वांत गडद दिसले की तिथेच थांबा.