चारमथच्या किनाऱ्यावरील जीवाश्मांची ओळख

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. डॉर्सेटमधील चारमथच्या किनाऱ्यावर वाळूत सुट्या पडलेल्या तीन वस्तू माझ्या मुलीला सापडल्या. एक पेन्सिलीच्या तुकड्यासारखा तपकिरी, टोकदार दगड आहे. दुसरी नाण्याएवढी, वेटोळी असलेली सोनेरी चकती. आणि तिसरी दोन्ही अंगांनी खोलगट, सुमारे पाच सेंटिमीटर रुंदीची राखाडी चकती. फोटो पाहून प्रत्येकाने वेगळे उत्तर दिले. खात्रीशीर ओळख कशी करून घ्यावी?
— एक वाचक

उत्तर : आपण ठिकाण नेमके कळवलेत, ही फार मोलाची गोष्ट आहे. चारमथचे कडे सुमारे १९ ते २० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळावरील गाळाचे बनलेले आहेत, त्यामुळे तेथे काय सापडू शकते याची मर्यादा आधीच ठरते. कोकणचा बहुतेक किनारा ज्वालामुखीतून आलेल्या बेसाल्टचा असल्यामुळे, तशीच वस्तू तेथे सापडली असती तर मी निराळाच विचार केला असता.

टोकदार दगड बहुधा बेलेम्नाइट, म्हणजे माकुळाच्या नात्यातील प्राण्याच्या शरीरातील कठीण भाग असावा. तुटलेल्या टोकाशी मध्यातून बाहेर पसरणाऱ्या बारीक रेषा दिसल्या, तर शंका उरणार नाही. सोनेरी चकती म्हणजे पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजात रूपांतरित झालेला अ‍ॅमोनाइट, अर्थात वेटोळे कवच असलेला, आता नामशेष झालेला सागरी प्राणी, दिसते. गंडकी नदीतील शाळिग्रामांमध्ये आढळणारी चक्रेही अ‍ॅमोनाइटचीच असतात.

खरी उत्सुकता तिसऱ्या वस्तूची आहे. ती इक्थिओसॉर या सागरी सरीसृपाचा मणका असू शकते, परंतु माशांचे मणकेही दोन्ही बाजूंनी खोलगट असतात, आणि आपल्या मित्रमंडळींचे मतभेद झाले ते बहुधा फोटो फक्त वरून काढल्यामुळे. चकतीच्या कडेवर बरगड्या जोडल्या जाण्याच्या जागी उंचवटे आहेत का आणि मज्जारज्जूवरील कमान बसण्याच्या खुणा दिसतात का, हे पाहावे लागते. म्हणून दोन्ही तोंडांचे आणि कडेचे सर्व बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून, तिरप्या उजेडात फोटो काढावेत. दगड कोरडा असावा, कारण ओल्या पृष्ठभागाच्या चकाकीत हाडाची सच्छिद्र रचना झाकली जाते. त्याच किनाऱ्यावर कॅल्साइट या खनिजाचे तंतुमय थर सापडतात आणि त्यांना अनेकजण हाड किंवा लाकूड समजतात. असा घोटाळाही स्पष्ट फोटोंमुळे टळतो.

शक्य असल्यास वस्तू प्रत्यक्ष दाखवावी. चारमथ हेरिटेज कोस्ट सेंटर येथील कर्मचारी पाहुण्यांना जीवाश्म ओळखण्यास मदत करतात. प्रसिद्ध जीवाश्म-संग्राहक मेरी अ‍ॅनिंग (१७९९–१८४७) यांच्या जन्मस्थळी उभे असलेले लाइम रीजिस संग्रहालयही जवळच आहे. जाताना ‘हे काय आहे?’ एवढेच न विचारता ‘कशावरून?’ हेही अवश्य विचारावे, म्हणजे पुढच्या वेळी मुलगी स्वतः ओळखू लागेल. वैज्ञानिकदृष्ट्या महत्त्वाच्या वस्तूंची नोंद चारमथच्या केंद्रात होते, तेव्हा मणक्याच्या बाबतीत तीही चौकशी करावी.

तोपर्यंत प्रत्येक वस्तूसोबत जागा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. पायराइटचा अ‍ॅमोनाइट मात्र गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा आणि सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावा, कारण दमट हवेत पायराइटचे विघटन होऊन तो भुगा होऊ शकतो.