थारचा दुसरा दांडा: सुरुवातीला एवढंच

नव्या गाडीबद्दल अभिनंदन! गिअरशेजारच्या त्या छोट्या फोर-व्हील ड्राइव्हच्या दांड्याला घाबरू नका. तो रोज हलवायचाही नसतो. डांबरी रस्त्यावर टू-हाय (ताकद फक्त मागच्या चाकांना), बस्स.

नवखे हमखास इथंच चुकतात. चिखलात फोर-हाय (ताकद चारही चाकांना) टाकतात आणि कोरड्या रस्त्यावर आल्यावर काढायचं विसरतात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. फोर-हायमध्ये मात्र पुढचा-मागचा शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा आस) एकत्र जखडलेला असतो. सगळा पीळ ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीवर) येतो, स्टीअरिंग जड होतं, दांडा अडकतो. अडकला तर झटापट नको. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, सहसा सुटतो.

फोर-लो, म्हणजे चारही चाकांना ताकद, पण वेग कमी नि जोर जास्त (मॅन्युअल धरून सांगतोय):
- गाडी पूर्ण थांबवा
- क्लच दाबा, गिअर न्यूट्रल
- दांडा एका दमात ओढा, अर्धवट नको

आणि मधला 'एन', म्हणजे दांड्याचा न्यूट्रल! दांडा तिथं राहिला तर इंजिन चाकांपासून सुटतं, आणि पहिला गिअर टाकलेला असूनही गाडी उतारावर घरंगळते. एकदा चहाचा ग्लास टाकून मागे धावलोय मी. म्हणून हँडब्रेक आधी.

विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र), डिफ-लॉक (डावं-उजवं चाक एकत्र जखडणं) नंतर बघू. या रविवारी मोकळ्या मातीत दहा वेळा दांडा टाका-काढा.