पटकथेचा शेवट कुठे सैल पडतो?

प्रश्न : ठाण्यातील एका चाळीच्या पुनर्विकासावर मी पटकथा लिहिली आहे. पहिली ८० पाने वाचणाऱ्यांना आवडतात. शेवटी पोलीस बिल्डरला पकडून नेतात, तिथे मात्र सारे थंड पडते. काय करावे?
– एक वाचक, नौपाडा

उत्तर : आपला शेवट पोलिसांनी लिहिला आहे, नायिकेने नव्हे, दोष तिथेच आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात कथानकाचे पाच संधी, म्हणजे टप्पे, सांगितले असून, पहिल्या म्हणजे मुखसंधीत पेरलेले बीज ज्यात फळाला येते, त्या अखेरच्या संधीला ‘निर्वहण’ म्हटले आहे. म्हणून पहिली वीस पाने पुन्हा वाचा आणि नायिका तिथे कशाला भिते, काय लपवते, याचा शोध घ्या. समजा, शेजाऱ्यांना अंधारात ठेवून तिने संमतिपत्रावर आधीच सही केलेली असेल, तर चाळीच्या अखेरच्या सभेत ते सर्वांसमोर कबूल करायचे की नाही, हा निर्णय तिचाच असला पाहिजे आणि त्याची किंमतही तिनेच मोजली पाहिजे. अटक ठेवायचीच असेल (मी ठेवणार नाही), तर ती त्या कबुलीचा परिणाम म्हणून यावी. त्यानंतर तलावपाळीवरचे तुमचे चार पानी संभाषण अर्ध्या पानावर आणा.