मोटरीचा स्क्रू आधी फिरवू नका : टेप-रेडिओबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांच्या भजनी मंडळाच्या पंधरा-वीस कॅसेटी घरात आहेत. माळ्यावरचा टू-इन-वन काढून लावला, तर आवाज रेंगाळतो, मध्येच थरथरतो. एका कॅसेटची फीत आत गुंडाळली गेली, कशीबशी सोडवली. इथले मेकॅनिक मोटर बदला म्हणतात. बदलू का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : ताई, मोटरीचं राहू दे. टेप नीट होईपर्यंत आणखी एकही कॅसेट आत घालू नका. बेल्ट दुसरा मिळतो, वडिलांचा आवाज मिळायचा नाही.

फीत ओढतो कोण, हे कळलं की निम्मी दुरुस्ती झाली. लोकांना वाटतं, उजवीकडचं फिरणारं रीळ ओढतं. ते फक्त गुंडाळतं. ओढतो तो हेडशेजारचा (हेड म्हणजे फितीवरचा आवाज उचलणारा भाग) चकचकीत पोलादी दांडा, कॅपस्टन. त्याच्यावर रबरी रोलर दाबून बसतो आणि दोघांच्या चिमटीतून फीत सरकते. रसवंतीच्या चरकात ऊस आत खेचला जातो तसंच. फक्त इथं रोलरला स्वतःची ताकद नाही, दांडा फिरवेल तसा तो फिरतो. फितीचा वेग सेकंदाला 4.76 सेंटिमीटर. फिलिप्सनं 1963 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ही कॅसेट मांडली, तेव्हापासून तोच. दांडा 2 मिलिमीटर जाड धरला तर त्याला मिनिटाला साधारण 455 फेरे घ्यावे लागतात. नेहमीची मोटर पळते 2400 नं. मधला हिशेब बेल्ट जमवतो : मोटरीची पुली बारीक, दांड्याचं चाक म्हणजे फ्लायव्हील मोठं आणि जड. जड मुद्दाम केलेलं असतं. मोटरीचे बारीकसारीक हिसके ते गिळून टाकतं.

आता तुमचं दुखणं. आवाज रेंगाळतो तो बहुधा बेल्ट सैल पडल्यानं किंवा रोलर गुळगुळीत झाल्यानं. थरथरतो तो बेल्टला बाक बसल्यानं. वर्षानुवर्षं टेप माळ्यावर पडून राहिला की बेल्ट पुलीवर जिथं वळलेला असतो तिथंच तसा आकार धरतो, आणि तो बाक पुलीवरून गेला की दर वेळी स्वर हलतो. कधी कधी तर बेल्ट वितळून त्याची काकवी झालेली असते, काळी. बोटाला लागली तर दोन दिवस जात नाही. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीनं पुलीची खाच आणि फ्लायव्हीलची कड पुसून घ्या, अगदी कोरडी लख्ख. कॅपस्टनही त्याच काडीनं. रोलर मात्र मी साबणाच्या पाण्यानं पुसतो.

नवा बेल्ट घेताना जुन्याचं माप धरू नका, तो ताणलेला असतो. बेल्टच्या वाटेनं दोरा फिरवून लांबी मोजा आणि त्याहून पाच-सात टक्के आखूड मागा. घट्ट तितका चांगला, असंही नाही. फार ताणला तर मोटरीच्या बुशावर, म्हणजे तिचा दांडा ज्यात फिरतो त्या कडीवर, भार येतो आणि टेप पुन्हा मंद. मेथीच्या जुडीचं रबर घातलेला टेपही माझ्या कोल्हापुरातल्या गंगावेशीतल्या टेबलावर आलाय. वाजत होता म्हणा, पण गाणारा गार पाण्यात उभा राहून गातोय असं वाटायचं.

फीत का गुंडाळली? उजवं रीळ रिकामं असताना साधारण 22 मिलिमीटरचं असतं, भरलं की 50 च्या आसपास जातं. फीत तर एकाच वेगानं येते. म्हणजे रिळाला हळूहळू निम्म्याहून मंद व्हावं लागतं. म्हणून त्याच्याखाली फेल्टची चकती असते, ती घसरत घसरत रीळ फिरवते. चकती गुळगुळीत झाली किंवा तिला फिरवणारं रबर कडक झालं की रीळ थांबतं. दांडा मात्र फीत पुढं सोडतच राहतो. वेटोळं साठतं, चिकट रोलर ते उचलतो आणि दांड्याभोवती गुंडाळून टाकतो. तपासणी घरीच करा : कॅसेट न घालता प्ले दाबा आणि उजवं रीळ जिच्यावर बसतं ती खुंटी दोन बोटांत अलगद धरा. ती थांबली पाहिजे, पण बोटांना ओढ लागली पाहिजे, आणि सोडल्याबरोबर फिरली पाहिजे. ओढच लागत नसेल तर कॅसेट खाणारा तोच.

एवढं सगळं करून वेग चुकलाच, तर मोटरीच्या पाठीवरच्या बारीक भोकातला स्क्रू. इथं माझी एक खोड सांगतो. दुकान नवं होतं, मला कानाचा फार गर्व. भावानं रेडिओवरून भरलेलं एक गाणं लावायचं आणि कानाला बरं वाटेपर्यंत डिसमिस फिरवायचा. मंगळवार पेठेतल्या एका भजनी मंडळाचा टेप असाच ‘जुळवून’ दिला. दुसऱ्या दिवशी पेटीवाले बुवा दारात. म्हणाले, “आमची पेटी काळी दोनची. तुमच्या टेपावर पांढरी दोन येतीया.” अर्धा स्वर खाली, म्हणजे वेग जवळजवळ सहा टक्के कमी. भावानं उतरलेल्या सेलवर रेकॉर्डिंग केलेलं. ती कॅसेट बरोबर वेगाच्या टेपावर चढ्या पट्टीतच वाजणार. ती कानाला सरळ व्हावी म्हणून मी बुवांचा टेप मंद करून ठेवला होता.

तेव्हापासून कान बाजूला. भंगार कॅसेटची 4 मीटर 76 सेंटिमीटर फीत मोजतो, दोन्ही टोकांना पांढरा ठिपका देतो आणि कप्प्याचं झाकण काढून घड्याळ धरतो. ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत 100 सेकंद. 94 लागले तर टेप सहा टक्के पळतोय. तुमच्या वडिलांच्या कॅसेटीही सेलवर भरलेल्या असू शकतात. टेपाचा वेग बरोबरच ठेवा. एखादी कॅसेट चढी वाटली तर कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्यावर तिथं दुरुस्त करा.

प्रश्न : फॉरवर्ड होतं, रिवाइंड होत नाही. का? – एक वाचक, कागल

उत्तर : मध्ये एक छोटं रबरी चाक असतं, ते डावीउजवीकडं झुकून एकेका रिळाला टेकतं. त्याचं रबर कडक झालंय, किंवा डावीकडं झुकवणारी स्प्रिंग सुटलीय. चाकाची कड बारीक पॉलिश पेपरवर हलकेच फिरवून बघा. तोवर सहा पैलूंची पेन्सिल आहेच; कॅसेटच्या भोकाला दातही सहाच असतात.

प्रश्न : आजीच्या ओव्या 120 मिनिटांच्या कॅसेटवर आहेत. लावू का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : एकदाच, आणि तेव्हाच उतरवून घ्या. 60 च्या कॅसेटची फीत साधारण 18 मायक्रॉन जाड, 90 ची 12, 120 ची अवघी 9. ऐंशी काउंटचं बारीक सूत तुम्ही विसाच्या जाड सुताच्या ताणावर चालवत नाही, ते तुम्हाला मी काय सांगू! आधी भंगार कॅसेट अर्धा तास वाजवून टेपाचा अंदाज घ्या. मग ओव्यांची कॅसेट हातानं पेन्सिलीवर सुरुवातीला आणा, प्ले दाबा आणि बाजू संपेपर्यंत मध्ये एकही बटण दाबू नका.